भाकरीला सुट्टी आणि भाकरीचा वार: कमी कार्ब, जास्त फॅटचा आहार गावात राहून कसा सुरू करावा

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आईनं भाकर थापायला घेतली, तेव्हा एका भाकरीचं पीठ मी काट्यावर ठेवलं. भरलं ९० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात पचणारं कार्ब, म्हणजे पिठाचा-साखरेचा भाग, असतं ६७-६८ ग्रॅम, म्हणजे आईच्या एका भाकरीत झालं ६० ग्रॅम. मी तीन भाकरी खायचो. वर भात-वरण, आणि दिवसभरात चार-पाच कप गोड चहा. आई म्हणाली, "पीठ काहून मोजून रायला बाप्पा, कमी पडलं काय?" तेव्हा माझं वजन ९४ किलो होतं आणि रक्तातली शुगर काठावर आली होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू शेती, कपाशी, सोयाबीन, तूर. आज माझं वजन ८१ आहे आणि आईची भाकर मी अजूनही खातो, फक्त तिचा वार ठरलेला आहे. या आहाराबद्दल मोबाईलवर जे सापडतं त्यात ॲव्होकॅडो, चीज आणि ऑलिव्हचं तेल असतं. आठवडी बाजारातून काय आणायचं, पंगतीत काय करायचं, फवारणीच्या दिवसांत काय, हे सांगणारं मला कोणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो.

हे नेमकं आहे काय

शरीर कार्बचा साठा दोन ठिकाणी ठेवतं. यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंमध्ये ३०० ते ५०० ग्रॅम. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. दिवसाचं कार्ब ५० ग्रॅमच्या आत ठेवलं की यकृतातला साठा एक-दोन दिवसांत आटतो आणि यकृत चरबीपासून किटोन नावाचं इंधन बनवायला लागतं. एरवी ग्लुकोजवर चालणारा मेंदू मग बराचसा या किटोनवर चालतो. ही काही कालपरवाची गोष्ट नाही. मिरगीच्या, म्हणजे फिटच्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्येच हा आहार सुचवला होता.

आता दुसरा भाग. स्नायूंतला साठा कायम अर्धाच राहिला तर हळू चालण्याचं काम निभतं, पण पोतं उचलणं, चढावर सायकल मारणं, जोरात धावणं जड जातं. म्हणून पाच-सहा दिवस कार्ब कमी आणि मग एक दिवस ठरवून भरपूर, असं चक्र ठेवतात. त्या दिवसाला आमच्या घरात 'भाकरीचा वार' म्हणतात.

वजन उतरतं ते पोटात जाणारं एकूण अन्न कमी होतं म्हणून. अंडी, मटण, दही, फल्लीदाणे (शेंगदाणे) यांनी पोट लवकर भरतं आणि पाच वाजता भुकेनं जीव कासावीस होत नाही. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि कार्बच्या ग्रॅमला ४, हे मात्र ध्यानात ठेवा. वाट्यावर वाट्या तूप पिऊन कोणी बारीक होत नाही.

आधी हे वाचा: कोणी सुरू करू नये

इथं घाई करू नका. इन्शुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकर बंद केली तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. शुगर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, चालू असतील तर धोका त्याहून फसवा. रक्तात आम्ल वाढतं आणि मशीनवर शुगर मात्र ठीक दिसते. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं बीपी पहिल्या पंधरवड्यात उतरतं, मग जुना डोस जास्त होऊन चक्कर येते. टाइप १ मधुमेह, किडनीचा आजार, पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाला कधी सूज आलेली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, यांनी हा नाद करू नये. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत कार्ब कमी करणं ही एक गोष्ट आहे, पण भरपूर कार्बचा दिवस त्यांच्यासाठी नाहीच.

आपल्याकडच्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली घरं पुष्कळ आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो, आणि या आहारात सुरुवातीला अंगातलं पाणी हमखास कमी होतं. त्यांनी यात पडू नये. अकोला-बुलडाणा-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारट आहे तिथं, किडनीच्या तक्रारी जुन्या आहेत. तिथल्या माणसानं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी, केल्याशिवाय एक घासही बदलू नये.

सगळ्यांनीच सुरुवातीला उपाशीपोटी शुगर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, क्रिएटिनिन, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि बीपी एवढं बघून घ्यावं. ग्रामीण रुग्णालयात किंवा तालुक्याच्या लॅबमध्ये हे होतं. कागद जपून ठेवा, तीन महिन्यांनी लागेल.

पहिली पायरी: महिना निवडा

चैत्र-वैशाखात सुरू करू नका. ४५ डिग्रीच्या उन्हात अंगातलं मीठ-पाणी आधीच घामावाटे जातं. कार्ब कमी केलं की किडनी आणखी मीठ बाहेर टाकते. दोन्ही मिळून माणूस वावरात आडवा होऊ शकतो.

फवारणीच्या हंगामातही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते दिवस आम्ही जवळून पाहिले आहेत. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, हातापायातलं बळ जाणं ही विषबाधेची लक्षणं आणि नवीन आहाराच्या पहिल्या आठवड्यातला त्रास वरवर सारखाच दिसतो. पाठीवर पंप घेतलेला माणूस "हे त जेवणामुळं होऊन रायलं" असं समजून घरी बसला आणि दवाखान्यात गेला नाही, तर ते जिवावर बेतेल. फवारणी चालू असेल आणि असं काही वाटलं तर आहाराचा विचारसुद्धा मनात न आणता दवाखाना गाठा.

सगळ्यात चांगले दिवस मार्गशीर्ष-पौषाचे. बाजारात मेथी, पालक, वांगी, फुलकोबीचे ढीग असतात आणि हवा थंड असते. एक मोह मात्र त्याच दिवसांतला, हुरडा. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच, तो आपल्या वाराच्या दिवशी खायचा.

दुसरी पायरी: आठवडाभर फक्त मोजा

काहीही बंद करू नका. एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणा आणि जे खाता ते वहीत लिहा. भाकरीचं पीठ मोजा, कारण प्रत्येक घरची भाकर वेगळी. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम कार्ब असतं. धानपट्ट्यातल्या, भंडारा-गोंदियाकडच्या माणसानं भाताचं ताट एकदा काट्यावर ठेवून बघावं. चहात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम; पाच घरी पाच कप झाले की दिवसाचा कोटा तिथंच संपला. एका केळीत २५ ग्रॅमच्या आसपास. झुणक्याच्या ४० ग्रॅम बेसनात १८ ते २०.

या आठवड्यात एकच गोष्ट बदला, चहातली साखर अर्धी करा. पुढच्या आठवड्यात ती शून्यावर येणार आहे आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास भाकरीनं नाही, या चहानं दिला.

तिसरी पायरी: घरात काय भरायचं

आपलं विदर्भाचं स्वयंपाकघर या आहाराला इतकं जवळचं आहे की मला पहिल्यांदा नवल वाटलं. जवसाची चटणी घ्या. जवसात ४० टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, आणि त्यातलं कार्ब बहुतेक सगळं चोथ्याचं, म्हणजे ते शुगर वाढवत नाही. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून कुटायचं, आणि वाढताना वरून कच्चं तेल. आजीच्या काळी यावर जवसाचंच तेल घ्यायचे. मिळालं तर ते आणा, पण तापवू नका, तापवल्यानं ते खराब होतं. रोज दोन मोठे चमचे चटणी खायची आणि वर पाणी भरपूर प्यायचं. या आहारात पोट साफ न होण्याची तक्रार सगळ्यांची असते, ती या चटणीनं बरीचशी मिटते.

फल्लीदाण्यात निम्म्याच्या जवळपास फॅट आणि पाव भाग प्रोटीन. पण मूठभर म्हणजे ३० ग्रॅमच. डबा जवळ घेऊन बसलात तर पाव किलो कधी संपतं कळत नाही. तीळही तसेच. तेल फल्लीचं किंवा तिळाचं, घाण्यावरचं मिळालं तर उत्तम. तूप घरचं. डालडा घरात नको.

भाज्यांमध्ये मेथी, पालक, अंबाडी, उन्हाळ्यातली चिवळ, पावसाळ्यात बांधावर उगवणारा कोवळा तरोटा, वांगी, फुलकोबी, पत्ताकोबी, दोडके, ढेमसं, भेंडी, कारली, काकडी, सगळं मोकळं. कांदा-टमाटर फोडणीपुरते, सांबार, म्हणजे कोथिंबीर, हवा तेवढा. आलू, रताळी, वाटाणा, पोपटाचे (वालाचे) दाणे हे भाकरीच्या वारासाठी ठेवा. कोहळं (लाल भोपळा) अधूनमधून थोडं चालतं.

प्रोटीन सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त चूक इथंच होते. लोक भाकर सोडतात, तेल वाढवतात आणि प्रोटीन विसरतात. मग चरबीसोबत अंगातलं मांसही झडतं, हात बारीक होतात, चेहरा ओढल्यासारखा दिसतो. किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८५ ते ११० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम. कोंबडी, मटण, तळ्याकाठच्या गावांत रोहू-कतला. सावजी रस्सा या आहाराला छान जमतो, मसाल्यात खोबरं-खसखस असते, तेल असतं. बाहेर खाल तेव्हा रस्सा दाट करायला पीठ घातलंय का, एवढं विचारा.

माळकरी घरांचं कसं, हे मला खूपदा विचारतात. वाट थोडी अवघड आहे, पण आहे. पनीर, दही, फल्लीदाणे आणि सोयाबीन. आपण पोत्यानं सोयाबीन पिकवतो आणि पोत्यानं विकून टाकतो. सोयाबीनमध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि २० टक्के तेल असतं, कार्ब डाळीपेक्षा कमी. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये चांगलं मऊ शिजवायचं. कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नाही, त्यातली द्रव्यं प्रोटीन पचू देत नाहीत. बाजारातल्या सोयावड्याही चालतात. ३० ग्रॅम वड्यांत १५ ग्रॅम प्रोटीन. तुरीच्या डाळीत मात्र कार्ब निम्म्याच्या आसपास असतं. त्यामुळं वरण वाटीभर नाही, चार चमचे.

चौथी पायरी: पहिले तीन-चार आठवडे, वार नाही

या दिवसांत कार्ब रोज ५० ग्रॅमच्या आत, एकही सुट्टी नाही. शरीराला चरबीवर चालायची सवय लागण्याआधी तुम्ही कार्बचा दिवस केलात तर दर वेळी शून्यापासून सुरुवात होते, आणि सुरुवातीचे ते वाईट चार दिवस पुन्हा पुन्हा भोगावे लागतात.

माझा थंडीतला एक दिवस असा असतो. सकाळी चमचाभर दुधाचा बिनसाखरेचा चहा. दहा वाजता वावरात जायच्या आधी तीन अंडी, तेलात कांदा-मिरची-सांबार घालून. दुपारी मेथी-पालकाची भाजी फल्लीच्या कुटात, कोंबडीचा रस्सा २०० ग्रॅम मांसासह, जवसाची चटणी, वाटीभर दही. संध्याकाळी मूठभर दाणे. रात्री वांग्याचं भरीत तेल घालून, दोन अंडी, काकडी. यात प्रोटीन ९०-९५ ग्रॅमपर्यंत जातं आणि कार्ब ३५ ते ४० मध्ये राहतं. रोज कोंबडी परवडत नाही, मग त्या दिवशी अंडी वाढतात किंवा सोयाबीन येतं.

तिसऱ्या दिवशी डोकं जड होईल, पाय ओढतील, रात्री पोटरीत गोळे येतील. याला कारण मीठ. कार्ब कमी झालं की इन्शुलिन उतरतं आणि किडनी मीठ सोडून देते. ताकात किंवा रश्श्यात पाव चमचा मीठ, दिवसातून दोनदा, एवढ्यानं तासाभरात फरक पडतो. बीपी असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं. पालेभाजी सोडू नका, पोटॅशियम तिथून येतं. आठवड्याभरात हे सगळं निवतं.

पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली दाखवेल. गावभर सांगत फिरू नका. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवतं, ते पाणी गेलेलं असतं. चरबी पुढं हळूहळू जाते, आठवड्याला अर्धा किलो गेला तरी छान.

लोक बोलतात, त्याची तयारी ठेवा. "भाकर नाही त मंग जेवण कायचं?" हे मी शंभरदा ऐकलं. वाद घालत बसू नये. कोणाच्या घरी गेलात की आधीच सांगा, "काकू, डॉक्टरनं साखर बंद केली, कोरा चहा द्या." डॉक्टरचं नाव घेतलं की कोणी आग्रह करत नाही. सप्ताहाच्या पंगतीत बसलात तर भाजी दोनदा घ्या, वरण थोडं घ्या, प्रसादाचा कण कपाळाला लावून तोंडात टाका. त्यानं काही बिघडत नाही आणि वाढणाऱ्याचं मनही मोडत नाही.

पाचवी पायरी: भाकरीचा वार

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण नवीन माणूस इथंच फसतो.

१९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पेडल मारलं, तो पाय पार थकेपर्यंत. दुसरा पाय आराम करत होता. मग तीन दिवस भरपूर कार्ब खाल्लं आणि सुईनं दोन्ही पायांच्या स्नायूंचे तुकडे काढून तपासले. खाणं एकच, रक्त एकच. पण ज्या पायानं काम केलं होतं त्यात ग्लायकोजेन दुपटीच्या वर भरलं, आणि बसून राहिलेल्या पायात फारसा फरक नव्हता.

माझा सगळा आहार या एका गोष्टीवर उभा आहे. काम केलेल्या स्नायूतच भाकर जाते. काम केलं नसेल तर ती ठेवायला जागा नसते.

म्हणून वाराच्या आदल्या दिवशी अंगमोड काम हवं. आमच्याकडं आठवडी बाजार रविवारी, म्हणून या कामाला मी शनिवार धरतो. शनिवारी दिवसभर पऱ्हाटी उपटणं, शेणखताच्या पाट्या वाहणं, कडबा रचणं, जे असेल ते. मास्तर असाल, दुकानदार असाल तर दंड, बैठका, विटा किंवा पाण्याच्या कॅन उचलून तासभर असा व्यायाम की पाय, पाठ, छाती, हात सगळं थकलं पाहिजे. कार्ब शनिवारी संध्याकाळच्या जेवणापासून सुरू होतं आणि रविवारी संध्याकाळी संपतं. चोवीस तास.

किती खायचं? राबणाऱ्या माणसानं किलोमागे ४ ते ५ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला साधारण ३०० ग्रॅम. ते ताटात असं दिसतं: ६० ग्रॅम पिठाच्या चार भाकरी, शिजलेला ३०० ग्रॅम भात आणि दोन केळी, सगळं मिळून चोवीस तासांत. ज्वारीच्या कण्या ताकासोबत घेतल्या तर त्यातून भाकरी वजा करा. हिवाळ्यात संत्री, रताळी. बैठं काम असेल तर किलोमागे २ ते ३ ग्रॅम पुरे, आणि तेही दहा-पंधरा दिवसांतून एकदा.

आता मुख्य नियम. त्या दिवशी तेल-तूप हात आखडून. भाजीला, फोडणीला सगळं मिळून दिवसाला चार-पाच चहाचे चमचे. कार्ब भरपूर असतं तेव्हा इन्शुलिन वर असतं, शरीर कार्ब जाळतं आणि खाल्लेलं फॅट सरळ साठवून ठेवतं. सहा दिवस तुपाचा आहार आणि सातव्या दिवशी तुपात बुडवलेली भाकर, असं केलंत तर सहा दिवसांची मेहनत एका दिवसात परत अंगावर चढते. प्रोटीन मात्र त्या दिवशीही तेवढंच. ताक, अंडी, साधी शिजवलेली कोंबडी.

पहिल्या वर्षी मी नेमकं हेच चुकलो. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसल्या. मी म्हटलं, आज वार करू. आधीचे चार दिवस पावसानं वावरात जाणं झालं नव्हतं, अंगाला काहीच काम नव्हतं. पुरणानं गच्च भरलेल्या पाच पोळ्या, प्रत्येकीवर पळीभर तूप, वर वडे, कढी, आंबील. रात्री दोनला छातीत धडधड होऊन उठलो, घशाला कोरड, तीन तांबे पाणी प्यायलो. सकाळी बोटातली अंगठी निघेना आणि काट्यावर तीन किलो जास्त. त्यातलं बरचसं पाणीच होतं, पण सुस्ती पुढचे चार दिवस गेली नाही. आता महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम अंगमेहनतीचं काम काढतो, पोळ्या दोन खातो, तूप चमच्यानं वाढून घेतो आणि वडा एक. रोडग्यांच्या, म्हणजे भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या, जेवणातही तेच. रोडगा फोडून तुपात बुडवण्याऐवजी वरणात कुस्करायचा.

सणांची काळजी त्यामुळं मिटली. पोळा, महालक्ष्म्या, दसरा, होळी यांच्या आठवड्यात रविवारचा वार त्या सणावर सरकवतो. दोन वार एका आठवड्यात करत नाही. लग्नसराईत मात्र निवड करावी लागते. जवळच्या नात्यातलं लग्न असेल तर वार तिथं, बाकी ठिकाणी भाजी आणि मठ्ठा.

दुसऱ्या दिवशीचं काटेकोर

रविवारी रात्रीचं जेवण पुन्हा अंडी-भाजीचं. सोमवारी सकाळी उपाशीपोटी चाळीस मिनिटं चालायचं, मी वावरापर्यंत पायीच जातो. सोमवारी वजन एक-दोन किलो जास्त दिसेल, कारण ग्लायकोजेन परतलं की पाणीही परततं. बुध-गुरुवारपर्यंत ते उतरतं. म्हणून वजन फक्त शनिवारी सकाळी करा, एकच वेळ, एकच काटा. रोज काट्यावर उभं राहणारे माझ्या ओळखीचे दोघं याच कारणानं दुसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून गेले.

लघवीतले किटोन तपासायच्या पट्ट्या मेडिकलवर मागवता येतात. पहिल्या महिन्यात हौसेनं बघा. पुढं शरीर किटोन वापरायला शिकलं की पट्टीचा रंग फिका पडतो, त्यानं घाबरू नका. भूक सहा-सात तास शांत राहते का, ही खूण मला जास्त भरवशाची वाटते.

आणखी एक. या आहारावर असताना कोणी ग्लुकोज पाजून शुगर तपासायला सांगितलं तर डॉक्टरांना आहार सांगा. त्या तपासणीच्या आधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब खाल्लेलं असावं लागतं, नाहीतर चांगल्या माणसाचीही शुगर वाढलेली दिसते.

भरतीच्या पोरांसाठी

पहाटे रस्त्यानं धावणारी पोरं मला विचारतात, "काका, आम्ही करू काय हे?" पोलीस भरतीच्या १६०० मीटरला जो वेग लागतो तो ग्लायकोजेनवर येतो. चरबीवर चालणारं शरीर लांब, सावकाश अंतराला चांगलं. शेवटच्या चारशे मीटरला ते मागं राहतं. मैदानी चाचणी दोन-तीन महिन्यांवर असेल तर भाकर, केळी, दूध, अंडी चालू ठेवा, फक्त साखर आणि तळलेलं कमी करा. वजन खूप असेल आणि भरती वर्षभर लांब असेल तरच विचार करा, आणि धावण्याचा जोराचा सराव भाकरीच्या वाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, तेव्हा पाय भरलेले असतात.

कधी थांबायचं

छातीत धडधड, थांबत नसलेली उलटी, श्वास जोरात चालणं, गुंगी येणं यात घरी बसायचं नाही, दवाखाना. बायकांची पाळी दोन महिने पुढं-मागं झाली तर बहुतेक वेळा खाणं फार कमी पडतंय असं समजा. जेवण वाढवा, नाही जमलं तर सोडा. केस थोडे गळणं हे झपाट्यानं वजन उतरलं की होतं, काही महिन्यांत थांबतं.

तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. काही जणांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात बरंच वाढतं. वाढलं तर तूप-मलई कमी करून फल्लीचं-तिळाचं तेल, जवस, मासे वाढवा आणि दोन महिन्यांनी परत तपासा. तरीही खाली आलं नाही तर हा आहार तुमच्यासाठी नाही. डॉक्टरांशी बोलून साधं, मोजकं जेवण धरा.

सोडायचा असेल तर एकदम तीन भाकरींवर परत येऊ नका. पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणात ६० ग्रॅम पिठाची अर्धी भाकर, दुसऱ्या आठवड्यात एक, आणि जेवढी भाकर वाढेल तेवढं तेल कमी. शनिवारचं वजन लिहिणं तेव्हाही चालू ठेवा, निदान सहा महिने.